कोंबडीचे देणे

गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला, अंधेरी आणि बोरिवली यांच्या मध्ये, तीन हजार एकरांहून अधिक जागेवर आरे दूध वसाहत पसरली आहे. १९४९ साली ती वसू लागली आणि १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वसाहतीमागचा विचार साधा आणि दूरदृष्टीचा होता. मुंबईच्या गल्ल्याबोळांतले म्हशींचे कोंदट गोठे उपनगराच्या मोकळ्या माळावर हलवायचे, म्हणजे जनावर निरोगी राहील आणि शहराच्या पोटात जाणारे दूधही. काही वर्षांतच म्हशींच्या शेजारी कोंबड्या आल्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५६ ते १९६१ या काळात, केंद्र सरकारने देशात पाच प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रे काढली. मुंबई, दिल्ली, बंगळूर, भुवनेश्वर आणि सिमला ही ती ठिकाणे. मुंबईचे केंद्र आरेमध्ये उभे राहिले आणि आजही केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र म्हणून ते तिथेच आहे. आसपासच्या पाड्यांवर आणि गावठाणांत वारली, आगरी, कोळी, ईस्ट इंडियन घरांच्या अंगणात गावरान कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या दाणे टिपत होत्याच. हजारांच्या संख्येने एका छपराखाली राहणारी, वंशावळ नोंदवलेली, व्यापारासाठी वाढवलेली कोंबडी ही मात्र नवी गोष्ट होती. तिच्यासोबत एक नवा प्रश्नही आला. इतके जीव इतक्या दाटीने राहणार असतील, तर त्यांना रोगापासून कसे राखायचे?

या प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत आपण जे उत्तर दिले, त्याचे सरळ दोन भाग पडतात. मानमोडीसारखा, म्हणजे राणीखेतसारखा विषाणूचा रोग असेल तर लस टोचायची. आणि टायफॉइड, पांढरी हगवण, कॉलरा किंवा सीआरडी या चिवट श्वसनरोगासारखा जिवाणूचा रोग असेल तर पाण्यातून किंवा खाद्यातून औषध द्यायचे. आज ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गनियमच वाटावी. पण ती एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांनी घडली. विषाणूवर औषध नव्हते, म्हणून लसीवाचून गत्यंतर नव्हते. जिवाणूवर औषध हाताशी आले आणि स्वस्त झाले, म्हणून लसीची निकड कुणाला जाणवली नाही. या निवडीची किंमत आता कोंबडीला, शेतकऱ्याला आणि उपनगरातल्या दवाखान्यात पोचणाऱ्या रुग्णालाही मोजावी लागते आहे. व्यावसायिक कोंबड्यांच्या जिवाणूरोगांविरुद्ध पहिले हत्यार लस हेच असावे आणि औषध राखीव ठेवावे, असे माझे म्हणणे आहे. ते पटण्यासाठी ही विभागणी कशी झाली हे आधी पाहायला हवे, कारण तिचा आरंभ अगदी उलट टोकाला झाला होता. प्रयोगशाळेत बनलेली जगातली पहिली लस कोंबडीसाठी होती, आणि तीही एका जिवाणूच्या रोगावर.

तो रोग म्हणजे कोंबड्यांचा कॉलरा. माणसाच्या पटकीशी त्याचा संबंध नाही. झपाट्याने मरतूक होते म्हणून तसे नाव पडले. १८७८ च्या अखेरीस तुलूजच्या पशुवैद्यकीय शाळेतले आंरी तूसां यांनी या रोगाचा जिवाणू असलेला नमुना पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे पाठवला. पाश्चर यांनी तो वाढवण्यासाठी नेहमीचे यीस्टचे पाणी वापरून पाहिले, त्यात तो तग धरेना. मग कोंबडीच्याच मांसाचा रस्सा करून, त्यातली आम्लता मोडून, त्यात त्यांनी जिवाणू सोडला आणि तो जोमाने वाढू लागला. पुढची हकीकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वतोमुखी झाली आहे : उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून राहिलेला जुना रस्सा कोंबड्यांना टोचला, त्या मेल्या नाहीत, आणि नंतर ताजा जहाल जिवाणू टोचला तरीही त्या जगल्या. पुढे अभ्यासकांनी पाश्चर यांच्या प्रयोगवह्या उलगडल्या तेव्हा चित्र वेगळे दिसले. १८७९ च्या शरदापासून १८८० च्या जानेवारीपर्यंत एमिल रू यांच्या साहाय्याने, हेतुपुरस्सर, पुन्हा पुन्हा प्रयोग करून जिवाणूचा जहालपणा उतरवला गेला होता. ९ फेब्रुवारी १८८० रोजी पाश्चर यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे हे यश मांडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यामागची रीत उघड केली : हवेतल्या प्राणवायूच्या सान्निध्यात जिवाणू दीर्घकाळ ठेवला की तो मवाळ होतो. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी सुचवले की देवीच्या लसीचे जनक जेन्नर यांच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द देवीपुरता न ठेवता अशा सर्वच प्रतिबंधक टोचण्यांना लावावा. आपल्याकडे ‘देवी काढणे’ म्हणजे काय ते घरोघर ठाऊक होते. ‘लस’ या शब्दाला आजचा रुंद अर्थ येण्याची वाट मात्र कोंबडीच्या खुराड्यातून गेली.

ती वाट पुढे थेट मुंबईत आली. ओदेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन १८८९ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागले आणि तिथेच लसविद्या शिकले. पटकीची लस घेऊन १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी मांसाच्या रश्श्यात प्लेगचा जिवाणू वाढवला. इथल्या लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून बकऱ्याचे मांस वापरले आणि जिवाणूला लोंबकळून वाढायला आधार मिळावा म्हणून रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगवले. मग उष्णतेने जिवाणू मारून त्यात कार्बोलिक आम्ल घातले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले आणि सहा दगावले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. कोंबड्यांच्या कॉलऱ्यात जिवाणू जिवंत ठेवून मवाळ केला होता, प्लेगमध्ये तो मारून टोचला. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. जो जिवाणू मारतो, त्याचीच ओळख शरीराला आधी करून दिली तर तोच राखणही करतो. मुंबईकरांच्या लाखो दंडांवर टोचली गेलेली ती कल्पना पहिल्यांदा सिद्ध झाली ती कोंबडीच्या अंगावर.

खुद्द कोंबडीकडे मात्र भारतातल्या पशुवैद्यकाचे लक्ष उशिरा वळले. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ निघाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. साथीच्या रोगांचे प्रयोग वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. पण त्या काळी सरकारच्या चिंतेचे विषय होते घोडदळाचे घोडे आणि शेतीचे बैल. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे रोग महसुलाला आणि फौजेला झळ लावत. कोंबडी ही घरच्या बाईची मिळकत. तिची अंडी आठवडी बाजारात विकून मीठमिरचीचा खर्च भागे, आणि साथीत खुराडे रिकामे झाले तर त्याची नोंद कुठल्याही कचेरीत होत नसे. कोंबडी सरकारी प्रयोगशाळेत ठळकपणे आली ती १९२७ मध्ये, राणीखेतला आलेल्या साथीमुळे. जे. टी. एडवर्ड्‌स यांनी तिचे वर्णन केले आणि मानमोडीला त्या गावाचे नाव कायमचे चिकटले. हा विषाणूचा रोग. औषध नाही, मरतूक प्रचंड. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरला त्या विषाणूचा मवाळ केलेला वाण तयार झाला आणि त्याच्या लसीवर देशातले संघटित कुक्कुटपालन उभे राहू शकले. म्हणून आपल्याकडे ‘कोंबडीची लस’ म्हटले की प्रथम मानमोडीच आठवते. जिवाणूच्या लसीने सुरू झालेली विद्या आपल्या खुराड्यात शिरली ती विषाणूच्या दाराने.

आरेसारख्या प्रजनन केंद्रांपुढे जिवाणूंचा प्रश्न उभा राहिला तो अंड्याच्या रूपाने. साल्मोनेला कुळातले दोन जिवाणू कोंबडीचे खास वैरी आहेत. एक मोठ्या कोंबड्यांना टायफॉइड आणतो, दुसरा कोवळ्या पिल्लांना पांढरी हगवण. यांची खोड अशी की ते कोंबडीच्या अंडाशयात दडून बसतात आणि अंड्यातून पिल्लात उतरतात. बाहेरून धडधाकट दिसणारी एक कोंबडी आपल्या अंड्यांमधून हॅचरीतल्या यंत्रात रोग पोचवते आणि तिथून शेकडो पिल्ले तो वेगवेगळ्या गावांच्या शेडमध्ये घेऊन जातात. यावर अमेरिकेने १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना आखून मार्ग काढला. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, पांढऱ्या पाटीवर रंगीत अँटिजेनच्या थेंबात मिसळायचा, आणि दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर ती कोंबडी कळपातून काढायची. आपल्या संस्थांनीही असे अँटिजेन बनवले आणि प्रजनन केंद्रांनी ही पद्धत उचलली. ती खरोखरच उपयोगी आहे. पण या चाचणीमुळे लस मागे पडली, कारण लस टोचलेल्या कोंबडीच्या रक्तातही प्रतिपिंडे तयार होतात आणि रोगी कोण, टोचलेली कोण हे पाटीवर ओळखता येत नाही. वंशकळप लहान आणि मालक शिस्तीचा असेल तिथे चाचणी पुरली. हजारो खासगी शेडमध्ये, जिथे प्रत्येक पक्ष्याचे रक्त तपासणे अशक्य, तिथे चाचणीही नाही आणि लसही नाही अशी पोकळी राहिली.

ती पोकळी प्रतिजैविकांनी भरली. १९४६ मध्ये अमेरिकेत दिसले की खाद्यात स्ट्रेप्टोमायसिन मिसळले की पिल्ले अधिक वाढतात. १९५० मध्ये लेडर्ली कंपनीतल्या जूक्स आणि स्टोकस्टाड यांनी ऑरिओमायसिनबद्दल तेच दाखवले. औषध आता औषध राहिले नाही, ते खाद्याचा भाग झाले. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिन देशात बनू लागले आणि पुढच्या दशकांत खासगी कारखान्यांनी प्रतिजैविके विपुल आणि स्वस्त केली. याच काळात कुक्कुटपालन अंगणातून उद्योगात गेले. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादला वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या उद्योगाचे एक मोठे केंद्र बनले. १९८२ मध्ये अंड्याला रास्त भाव मिळावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे १८३ कोटी अंडी होत, २०२२-२३ मध्ये ती १३,८३८ कोटी झाली. घाटकोपरच्या गाडीवरचा अंडापाव आणि मुलुंडच्या घरातली कोंबडीची आमटी सामान्य कमाईच्या आवाक्यात आली, ती या झेपेमुळे. प्रथिनांच्या भुकेल्या देशात हे फार मोठे काम झाले आहे आणि ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे. या झेपेत औषधाचा वाटा होता हेही खरे. म्हणूनच त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. हाताशी जे स्वस्त आणि गुणकारी होते ते त्यांनी वापरले. प्रश्न आजचा आहे.

आज ते औषध पूर्वीइतके गुणकारी राहिलेले नाही, आणि त्याची झळ कोंबडीपुरती उरलेली नाही. औषधाच्या थोड्या थोड्या मात्रेत वाढलेल्या जिवाणूंपैकी जे टिकतात तेच पुढची पिढी वाढवतात आणि प्रतिकाराची जनुके इतर जिवाणूंनाही देतात. १९६९ मध्येच ब्रिटनच्या स्वान समितीने हा धोका स्पष्ट सांगितला होता. स्वीडनने १९८६ मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवले. पंजाबातल्या १८ पोल्ट्री फार्मवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांसाच्या कोंबड्यांमधले ई. कोलाय जिवाणू अंड्यांच्या कोंबड्यांमधल्यांपेक्षा औषधांना अधिक जुमानेनासे झालेले आढळले. २०१५ च्या अखेरीस चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे जनुक सापडले, ज्याची नक्कल एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. कोलिस्टिन हे माणसावरच्या उपचारात अखेरचे म्हणून राखून ठेवलेले औषध. अतिदक्षता विभागात बाकी सारे हरते तेव्हा डॉक्टर त्याकडे वळतात. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी आणि कुक्कुटपालनासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता. पण बंदी म्हणजे ‘हे करू नका’ एवढेच. शेडमध्ये मरतूक सुरू झाल्यावर मग काय करायचे, हे ती सांगत नाही. एका औषधावर बंदी आली की शेतकरी दुसरे उचलतो, कारण त्याच्या पुढ्यात दुसरा मार्ग कुणी ठेवलेला नसतो. तो मार्ग लसीचा आहे.

तो मार्ग खरोखर पोचवतो का, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ब्रिटनमधला आहे. १९८० च्या दशकात तिथे साल्मोनेला एंटेरिटिडिस या जिवाणूने अंड्यांतून माणसे आजारी पडू लागली. डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनाला ही बाधा असल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारने प्रथम बाधित कळप मारण्याचा मार्ग धरला. १९८९ पासून चार वर्षे कळपच्या कळप नष्ट झाले, तरी माणसांमधले आजार हटेनात. मग १९९८ मध्ये अंडी उत्पादकांच्या संघटनेने सिंहाच्या शिक्क्याची योजना आणली आणि त्या शिक्क्यासाठी प्रत्येक अंड्याच्या कोंबडीला साल्मोनेलाची लस सक्तीची केली. काही वर्षांत एंटेरिटिडिसचे रुग्ण झपाट्याने उतरले आणि २०१७ मध्ये तिथल्या अन्न खात्याने गरोदर बायका, लहान मुले आणि वृद्धांनाही त्या शिक्क्याची अंडी अर्धवट उकडून खाण्यास हरकत नाही असे जाहीर केले. या योजनेत उंदरांचा बंदोबस्त, स्वच्छता, तारखेचा शिक्का हेही होते, म्हणून सगळे श्रेय एकट्या लसीला देता येणार नाही. पण कळप मारून जे साधले नाही ते लस आल्यावर साधले, हा क्रम डोळ्याआड करता येत नाही. नॉर्वेच्या मत्स्यपालनातही असेच घडले. १९८७ मध्ये तिथे सामन माशांसाठी जवळजवळ ५० टन प्रतिजैविके लागत. जिवाणूरोगांवरच्या लसी रुळल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती एक टनाच्या आसपास आली, आणि त्याच काळात माशांचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की जिवाणूंच्या लसी विषाणूंच्या लसींइतक्या भरवशाच्या नाहीत. कॉलरा, कोरायझा म्हणजे कोंबड्यांची सर्दी, ई. कोलाय यांचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही. हे खरे आहे. पाश्चर यांची लससुद्धा कधी तीव्र पडे, कधी निरुपयोगी ठरे आणि व्यवहारात टिकली नाही. पण यातून लस सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या भागात कोणता प्रकार फिरतो आहे हे सतत तपासत राहावे, असा तो निघतो. अंड्यांच्या व्यवसायात कोरायझाची मृत लस रुळली आहे, ती प्रकारांचा विचार करूनच. दुसरा आक्षेप चाचणीचा : लस टोचली तर रक्तातली गुठळी खोटी ठरेल. त्याचे उत्तर १९५६ मध्येच मिळाले. ब्रिटनमधले विल्यम्स स्मिथ यांनी टायफॉइडच्या जिवाणूचा ‘९ आर’ हा मवाळ वाण तयार केला. त्याच्या पृष्ठभागावरची, चाचणीत पकडली जाणारी साखरेची साखळीच तुटकी असल्यामुळे टोचलेली कोंबडी पाटीवर बहुधा गुठळी दाखवत नाही. इतिहासाने या आक्षेपाला आणखी एक उत्तर दिले आहे. ब्रिटन आणि अमेरिकेने चाचणी-छाटणीने टायफॉइडचा जिवाणू १९७० च्या दशकापर्यंत व्यावसायिक कळपांतून जवळजवळ पुसून टाकला, आणि नंतर एंटेरिटिडिस उसळला. दोन्हींच्या बाह्यांगावर एकच महत्त्वाची खूण आहे, म्हणून काही शास्त्रज्ञांनी असे मांडले की पहिल्याच्या वावरामुळे कळपात असलेली प्रतिकारशक्ती गेली आणि मोकळ्या जागेत दुसरा शिरला. हे गृहीतक आहे, सिद्धांत नव्हे. पण ते खरे असेल तर रोग हटवताना त्याची प्रतिकारशक्ती कळपात शिल्लक ठेवण्याचे काम लसच करू शकते.

तिसरा आक्षेप आयुष्याचा आणि खर्चाचा. मांसाची कोंबडी जेमतेम सहा आठवडे जगते. तिला टोचून प्रतिकारशक्ती येईपर्यंत ती बाजारात गेलेली असते. म्हणूनच लसीचा भर तिच्यावर न ठेवता तिच्या आईवर ठेवायचा. प्रजननाच्या कळपाला टायफॉइड आणि सीआरडी आणणाऱ्या मायकोप्लाझ्माची लस दिली तर अंड्यातून उतरणारा रोग तिथेच अडतो, आणि एका आईमागे शेकडो पिल्लांना त्याचा लाभ होतो. अंड्याची कोंबडी तर सव्वा-दीड वर्ष शेडमध्ये असते. साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास तिला पिंजऱ्यात हलवताना प्रत्येक पक्षी हातात घ्यावाच लागतो, त्याच वेळी टोचता येते. खर्च कुणी करायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. इथे मांसाच्या कोंबडीचा बराचसा व्यवसाय कराराने चालतो : कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते, शेतकरी शेड, पाणी आणि मेहनत घालतो. औषधाची निवड कंपनीच्या हाती असताना लसीचा बोजा शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ज्याच्या हाती निवड, त्यानेच हा खर्च उचलावा. ‘स्वच्छता पाळली तर लस कशाला’ असेही म्हटले जाते. स्वच्छतेला पर्याय नाहीच. तूस वेळेवर पालटणे, उंदीर-चिचुंद्र्या आवरणे, दाराशी पाय बुडवण्याचे कुंड भरलेले ठेवणे, यांवाचून कुठलीही लस तोकडी पडते. पण पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत हजारो पक्ष्यांचे शेड सर्वस्वी जिवाणूमुक्त राखणे कुणाच्याच आवाक्यात नाही. आणि एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते : ‘९ आर’सारखी जिवंत जिवाणूची लस देताना पक्ष्याच्या पोटात प्रतिजैविक असेल तर ते लसीलाच मारते. म्हणजे रोज औषध चारण्याची सवय आणि अशी लस एका शेडमध्ये नांदू शकत नाहीत. औषधाची सवय लसीचे दार बंद करते, आणि लस चालली नाही म्हणून औषधाची सवय पक्की होते. हे वर्तुळ कुठेतरी हेतुपूर्वक तोडावे लागेल.

शेवटचा आक्षेप लसीच्या दर्जाचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मुंबईच्याच प्रयोगशाळेतून गेलेल्या लसीने हा धडा फार महाग शिकवला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष सगळा हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होऊन त्यांची निर्दोष सुटका व्हायला १९०७ उजाडले. एका बाटलीने माणसांचा विश्वास किती वर्षे मागे ढकलला जातो ते त्यातून दिसते. कोंबडीच्या लसीचेही तसेच आहे. बर्फाची साखळी तुटली, क्लोरीन घातलेल्या पाण्यात जिवंत लस कालवली, सुई न बदलता शेकडो पक्षी टोचले, तर लस वाया जाते आणि शेतकऱ्याच्या मनात तिच्याविषयी कायमचा संशय राहतो. याचे उत्तर दर्जा राखणाऱ्या आणि विश्वासाने बोलणाऱ्या संस्थांमध्ये आहे, आणि त्या आपल्याजवळ आहेत. पुण्याच्या औंधमध्ये राज्य सरकारची पशुवैद्यकीय जैविक उत्पादने बनवणारी संस्था आहे, परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गोरेगावात, लोकलच्या धडधडीपासून थोड्या अंतरावर, आरेचे केंद्र आहे, जिथून लहान पाळणाऱ्यांना पिल्ले आणि प्रशिक्षण मिळते.

त्या केंद्राने, आणि राज्यातल्या प्रत्येक हॅचरीने, पिल्लांच्या खोक्यासोबत एक कागद द्यावा. त्यावर पिल्लांच्या आईबापांना कोणत्या जिवाणूरोगांच्या लसी कोणत्या तारखेला टोचल्या आणि कळपाला शेवटचे प्रतिजैविक कधी दिले, एवढेच लिहिलेले असावे. मानमोडीच्या लसीची नोंद आपण ठेवतो. टायफॉइडची ठेवू लागलो तर शेतकरी ती मागू लागेल, शेतकऱ्याने मागितली तर कंपनी देऊ लागेल, आणि अंधेरीच्या दुकानात अंडी घेणारी बाई उद्या त्याच नोंदीवर विसंबून घरी जाईल. १८८० मध्ये कोंबडीने आपल्या अंगावर एक कल्पना सिद्ध करून दिली. त्या कल्पनेने सोळा-सतरा वर्षांनी याच शहरातल्या माणसांना प्लेगपासून राखले. ते देणे सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे बाकी आहे, आणि ते फेडण्याची सुरुवात त्या खोक्यातल्या कागदावरच्या एका तारखेने करता येईल.